आपल्याकडेकर

केरळला जाणाऱ्या प्रत्येक मराठी सहलीत एक आपल्याकडेकर असतात. हे आडनाव आधार कार्डावर सापडायचं नाही. बसच्या मागच्या बाकावरच्या मंडळींनी ते पहिल्याच दुपारी बहाल केलेलं असतं. वय पासष्टीच्या पुढं, निवृत्ती बँकेतली, डोक्यावर मागच्या सहलीत फुकट मिळालेली टोपी. सोसायटीचं सेक्रेटरीपद मात्र अजून सुटलेलं नसतं. समोर काहीही दाखवा, ते क्षणभर बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "आपल्याकडे..."

आमच्या सहलीतल्या आपल्याकडेकरांनी फोर्ट कोचीत बसमधून पाय खाली ठेवताच पहिला प्रश्न टाकला, "किल्ला कुठाय?"

गाइडनं धीर धरून सांगितलं, की पोर्तुगीजांनी १५०३मध्ये इथं किल्ला बांधला, पुढं डच आले, मग इंग्रज आले आणि १८०६च्या सुमारास त्यांनी तो पाडला. आता नाव तेवढं उरलंय.

"आमचा जन्म फोर्टात नोकरी करण्यात गेला," काका म्हणाले. "तिथंही किल्ला नाहीच. पण आपल्याकडे पाडल्यावर निदान फ्लोरा फाउंटन तरी बांधलं!"

गाइडच्या लक्षात आलं, की आजचा दिवस मोठा आहे.

किनाऱ्यावर चिनी जाळी लावलेली होती. लाकडी मचाणावरून प्रचंड जाळं पाण्यात उतरतं आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेल्या दगडांच्या वजनानं पुन्हा वर येतं. मंडळी फोटो काढण्यात गुंग. काका मात्र वर आलेल्या मासळीचा हिशेब करत होते. "पाच माणसं, एवढे दगड, एवढे दोर आणि मासे ओंजळभर? आपल्याकडे मालवणात रापण ओढतात, या एकदा बघायला." रापण ओढायलाही अख्खा वाडा लागतो, हे काकूंनी हळूच सांगितलं. काकांना ते ऐकू गेलं नाही. काकूंचं त्यांना सहसा ऐकू जात नाही.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, इथं पुरला गेला आणि १५३९मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. हे कळताच काकांनी कठड्यावरून वाकून बघितलं. "म्हणजे आत कोणी नाही? रिकाम्या जागेला कठडा?" सेक्रेटरी जागा झाला होता. "आपल्याकडे गोव्यात त्याच्या नावाचं अख्खं स्टेशन आहे. तिथं निदान गाडी तरी येते!"

पण काका खरे खुलले ते मट्टनचेरीच्या राजवाड्यात. पोर्तुगीजांनी तो १५५५च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला, डचांनी १६६३नंतर त्याची डागडुजी केली आणि लोक त्याला डच पॅलेस म्हणू लागले. "बघा!" काका पायरीवरच थांबले. "बांधणारा एक, राहणारा दुसरा आणि रिपेअरिंगवाल्याची पाटी! आपल्याकडे रीडेव्हलपमेंटमध्ये दुसरं काय होतं?" आत भिंतीभिंतींवर रामायण रंगवलेलं आहे, इतकं दाट की बोट ठेवायला जागा नाही. काकू त्यापुढं खिळल्या. काकांनी तेवढ्या वेळात छपराच्या लाकडाची पाहणी उरकली.

जवळच परदेशी सिनेगॉग, १५६८चं. पायाखाली चीनहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या, हातानं रंगवलेल्या फरश्या, वर झुंबरं. अनवाणी उभे राहून काका म्हणाले, "आपल्याकडे अलिबागला बेने इस्रायली आहेत. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद. म्हणून शनिवार तेली. घरात मराठी बोलायचे." मंडळींनी सवयीनं डोळे फिरवले, पण गाइड पहिल्यांदाच उत्साहानं पुढं आला. एकोणिसाव्या शतकात कोचीच्याच ज्यूंनी कोकणात जाऊन त्या लोकांना धर्मविधी शिकवले होते, असं तो म्हणाला. काकांना हे मुळीच ठाऊक नव्हतं. तरी "तेच तर म्हणतोय" असा चेहरा त्यांनी तत्काळ केला.

बाहेर मसाल्यांचा बाजार. ज्या मिरीसाठी युरोपातली गलबतं आफ्रिकेला वळसा घालून या किनाऱ्यावर आली, तिचा भाव काकांनी विचारला आणि जाहीर केलं, "लालबागला स्वस्त मिळते." हा सल्ला पोर्तुगालच्या राजाला वेळेवर मिळाला असता तर आपला बराचसा इतिहास टळला असता.

एका दुकानात दोघंजण कोंकणीत बोलत होते. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच सुरू झाल्यावर सोळाव्या शतकात कितीतरी सारस्वत कुटुंबं देव घेऊन निघाली आणि कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली. त्यांचं तिरुमल देवस्थान मट्टनचेरीतच आहे. काकांना चारातले दोन शब्द कळले. "आपलीच माणसं!" म्हणत ते थेट गल्ल्यापर्यंत पोचले.

त्यांना हसता हसता माझ्या मनात आलं, की हे गावच आपल्याकडेकरांनी वसवलंय. पोर्तुगीजांनी इथं उतरून आपल्याकडच्यासारखं चर्च बांधलं, ज्यूंनी सिनेगॉग, सारस्वतांनी देऊळ. परक्या किनाऱ्यावर पाय ठेवताच घर आठवणं हा बंदराचा जुनाच रोग आहे. फरक इतकाच, की त्यांच्याकडे गलबतं होती. आमच्या काकांकडे परतीचं तिकीट आहे.

संध्याकाळी मंडळी बसमध्ये चढली. काकूंच्या पिशवीत पाव किलो मिरी होती. लालबागचा भाव त्यांनी मनावर घेतला नव्हता. टूर मॅनेजरनं माइक घेतला, "उद्या सकाळी सहाला निघायचंय. मुन्नार!"

काकांनी तोंड उघडलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "माथेरान सगळ्यांनी बघितलंय."