आसेगाव ते वाशीम, मार्गे प्लग

वऱ्हाडात आसेगावं पुष्कळ. चांदूर बाजारकडे आसेगाव पूर्णा, रिसोड तालुक्यात आसेगाव पेन, आणि मंगरूळपीर तालुक्यातलं हे आमच्या सासुरवाडीचं. इथे पोलीस ठाणं आहे. त्यामुळे एसटीत शेजारचा माणूस "पोलीस स्टेशनवालं आसेगाव काय?" असं विचारतो, आणि नुसतं 'हो' म्हणतानाही आपला जामीन व्हायचा बाकी आहे असं वाटतं.

दिवाळी आटोपली होती. सोयाबीन घरात, तूर फुलावर आणि सासरे, म्हणजे मामाजी, एका निश्चयावर आले होते. त्यांची चेतक स्कूटर वाशीमला परिवहन कार्यालयात न्यायची. गाडीची पहिली पंधरा वर्षं सरली की दर पाच वर्षांनी तिला साहेबांपुढे उभं करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ही चेतक अशा मुदतवाढी खात आलेली. तिच्या पाटीवर नंबर अजून अकोल्याचा, एमएच ३०. वाशीम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला आणि त्याला एमएच ३७ मिळाला. थोडक्यात, गाडी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी. भंगारवाला दारावरून ओरडत गेला की मामाजी कोठ्याचं दार लावून घेतात.

मी पुण्याचा, आणि चेतकही मूळची आकुर्डीची. तेवढ्यावरून गावानं आम्हाला एकाच माहेरचं ठरवलं. "जवाईबापू, तुमच्याच गावची गाळी हाये. तुमाले समजत असंन!" मी बँकेत आहे. मला गाडीच्या कर्जाचा हप्ता समजतो.

चेतक बाजारात आली १९७२ साली. नाव राणा प्रतापच्या घोड्याचं, अंगकाठी इटलीच्या व्हेस्पाची. नोंदवल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहायला लागायची असा तो काळ, म्हणून ज्यांना ती मिळाली त्यांच्या बोलण्यात गाडीविषयी अजून थोडा सोवळेपणा असतो. मूळचा चेतक हळदीघाटात जखमी झाला, तरी त्यानं धन्याला सुखरूप पार नेलं आणि मग प्राण सोडला, असं सांगतात. आमच्या चेतकनं क्रम तेवढा बदलला होता. ती आधी प्राण सोडायची, मग धन्यानं तिला सुखरूप घरी न्यायचं.

पावसाळाभर ती कोठ्यात कुटाराच्या पोत्यांमागे उभी होती. बाहेर काढली, धुतली, हळदीकुंकू वाहिलं. मामाजींनी सीट उचललं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत एक डोळा लावला, गाडी हलवून डुचमळतंय का ते ऐकलं. पेट्रोल होतं. लिटरमागे वीस मिली ऑइलही पडलं होतं, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच लागतं आणि त्या हिशेबात मामाजी गणिताचे गुरुजी आहेत. झाकण लावलं. किक. सुरू! सगळ्या आळीत निळा धूर झाला, कोंबड्या उडाल्या. आणि कपभर चहा पिऊन होईतो गाडी फुसफुसली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

"प्लग," मामाजी म्हणाले.

चेतकवाल्यांचा हा मूळ सिद्धान्त आहे. ऑइल जळून प्लगच्या टोकावर काजळी धरते, ठिणगी पडत नाही. हे खरंच आहे, पण त्यांच्या मते सर्दीसुद्धा प्लगमुळे होते. उजवीकडचं झाकण निघालं, पान्यानं प्लग निघाला, पॉलिश पेपरनं घासला गेला. मग तो वायरला लावून बॉडीला टेकवायचा आणि किक मारून निळी ठिणगी दिसते का पाहायची. प्लग धरायचा मान जावयाला मिळाला. ठिणगी दिसली. मला जरा जास्तच दिसली.

"करंट मस्त हाये!" प्लग बसवला. मामाजींनी पुन्हा सीट उचललं, टाकीचं झाकण उघडून डोळा लावला, बंद केलं आणि किक मारली. सुरू. "म्हटलं नव्हतं म्या?" त्यांनी आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं की कोणी शंका घेतलीच नाही. आम्ही निघालो.

खरं तर समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून, शेलूबाजारजवळून जातो. सातशे एक किलोमीटरचा तो रस्ता दुचाकींना बंद आहे, आणि मामाजींच्या बोलण्यातून असं वाटतं की बंदी चेतकचा वेग पाहूनच घातली असावी. आम्ही साध्या रस्त्यानं चाललो होतो. दोन्हीकडे तुरीची पिवळी फुलं, मध्ये हरभऱ्याची नुकती उगवण, रस्त्यावर वाळत घातलेला कोणाचा तरी शेवटचा सोयाबीन. मामाजी डाव्या मुठीतले गिअर कर्र, कट असे पाडत होते. तुरीचं एक लांबलचक वावर संपलं आणि आमचंही इंजिन संपलं.

विदर्भात बंद स्कूटरजवळ माणूस एकटा राहू शकत नाही. बांधावरून एक बकऱ्यावाले काका उतरले. त्यांनी मोटार कधी चालवली नव्हती, पण बंद पडलेल्या बऱ्याच पाहिल्या होत्या.

"पेट्रोल हाये काय?" म्हणत त्यांनी स्वतःच सीट उचललं, झाकण उघडलं, पाहिलं, लावलं. "मंग आळवी करा तिले. आळवी केल्याबिगर चेतक आयकत नाई."

गाडी तिरपी केली. कार्बोरेटरात पेट्रोल उतरावं म्हणून चेतक कलती करण्याचा हा विधी देशभर चालतो. किक. सुरू! काकांना मामाजींनी तंबाखू दिला, पण चेहरा पडला होता. प्लगवरचा त्यांचा विजय एका बकऱ्यावाल्यानं पुसला होता.

पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. तिथे एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ चहा पीत होते. त्यांनी आमचा सगळा इतिहास डोळे मिटून ऐकला आणि निकाल दिला, "जेटमध्ये कचरा." हा माणूस खरा जाणकार. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, कार्बोरेटर उकलला, जेट उजेडासमोर धरून सुईच्या टोकाएवढं भोक पाहिलं आणि तोंडानं फुंकलं. मी मदत म्हणून तार पुढे केली तर मागे सरकवली. "तार नाई घालायची, सायेब. भोक मोठं झालं का मंग गाळी पेट्रोल पिते." हे त्या दिवशी ऐकलेलं सर्वात शहाणं वाक्य. जेट बसवला, किक मारली, सुरू झाली. आणि पुढच्या चढावर बंद पडली. जाणकारीलाही तेवढंच अंतर मिळालं.

एव्हाना ऊन चढलं होतं. कार्यालय बंद व्हायच्या आत वाशीम गाठणं अशक्य, म्हणून आम्ही परत फिरलो. परतीच्या वाटेवर क्लच प्लेटवाला एक, 'सायलेंसर शेणाच्या गोवऱ्यांत भाजून काढा' म्हणणारा एक, आणि मंगळवारी गाडी बाहेर काढल्याबद्दल बोलणारा एक भेटला. सायलेंसर भाजणं थट्टेचं नाही. आतला काजळीचा थर जाळायला लोक तो खरंच विस्तवात घालत. पण नवल असं की प्रत्येकाच्या उपायानं गाडी चालू झाली, मंगळवारवाल्याच्यासुद्धा. त्यानं तर नुसतं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं होतं आणि मारुतीचं नाव घेतलं होतं.

संध्याकाळी अंगणात सभा भरली; फाट्यावरचे निवृत्त गृहस्थही निकाल पाहायला आले होते. प्लग पक्ष, जेट पक्ष आणि आळवी पक्ष. प्रत्येकाकडे पुरावा होता, कारण प्रत्येकानं गाडी चालू करून दाखवली होती. कोणी तरी म्हणालं, विका आता, २०२० पासून विजेवरची चेतक निघाली आहे. मामाजी उसळले. "जिले प्लगच नाई, ते गाळी कायची?"

सासूबाई सपरीत तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अवो, तुमी सारे वेगयं वेगयं करता, पन सुरू व्हायच्या आंधी सारेच झाकन उघळता ना?"

सभा गप्प झाली.

"तेलाच्या डब्याले एकच भोक पाळलं तं तेल पळते काय? दुसरं भोक हवेसाठी लागते. या झाकनाले हाये काय भोक?"

झाकणाला भोक होतं. म्हणजे असायला हवं होतं. चेतकची टाकी वर, कार्बोरेटर खाली; मध्ये पंप वगैरे काही नाही, पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. जितकं उतरेल तितकी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत आली पाहिजे. नाही आली तर टाकीत ओढ धरते, धार आटते आणि भरल्या टाकीची गाडी उपाशी मरते. झाकण उघडलं की हवा भस्सकन आत जाते आणि गाडी पुन्हा थोडी चालते. आमच्या त्या भोकात पावसाळ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर लिंपलं होतं. पक्कं बांधकाम. ग्रामपंचायतीची नाली इतकी नीट लिंपलेली मी पाहिली नाही.

सासूबाईंनी वाकळ शिवायचं दाभण दिलं. माती निघाली, भोकातून पलीकडचा उजेड दिसला. गाडी सुरू केली ती कंदील लागेपर्यंत चालूच राहिली. शेवटी शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली. तिन्ही पक्षांनी भूमिका मात्र सोडली नाही. निवृत्त गृहस्थ निरोप घेताना म्हणाले, "भोक तं होतंच, पन जेटमध्ये कचराबी होता." मामाजी झोपताना प्लगाविषयी हेच म्हणाले. दाभण परत मागितलं तेव्हा सासूबाईंना कोणी काही म्हणालं नाही. उलट ते वाकडं झालंय का एवढं त्यांनीच पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाशीमला थेट पोचलो. मामाजींना हे थोडं खटकलं असावं, कारण वाटेत ओळखीच्या बांधावर त्यांनी विनाकारण गाडी थांबवली आणि बकऱ्यावाल्या काकांना चालू इंजिन ऐकवलं.

कार्यालयाच्या आवारात साहेब आले. कागद पाहिले, एमएच ३० पाहून भुवई वर केली. बाजूचं झाकण काढायला लावलं, चासीच्या नंबरावर कागद ठेवून वर पेन्सिल घासली आणि आकडे उमटवून घेतले. मग दोन पावलं मागे जाऊन त्यांनी चेतक डोळे भरून पाहिली. "आमच्या वडलांकडे होती," म्हणाले, आणि कोणी सांगायच्या आत सीट उचललं, टाकीचं झाकण उघडलं, एक डोळा मिटून आत पाहिलं, गाडी हलवून डुचमळल्याचा आवाज ऐकला.

"पेट्रोल हाय ना?"

"हाय, सायेब."

"मग मारा किक. नाही लागली तर प्लग पाहू."