व्हॅल्यूवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक तरी व्हॅल्यूवाले काका असतात. डोंबिवलीत तर विंगागणिक एक असावेत. साठी नुकतीच ओलांडलेली, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त, शनिवार-रविवारचा फंडामेंटल ॲनालिसिसचा वर्ग केलेला आणि त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात, गणपतीच्या शेजारी. नोकरीत असताना कर्जाच्या फायलीतला ताळेबंद यांनी उघडला तो सही कुठे करायची ते शोधण्यापुरता. आता मात्र कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की मागच्या पानापासून वाचतात. अध्यक्षांचं भाषण वाचत नाहीत. "ते ललित लेखन. खरं काय ते तळटिपांत," म्हणतात. आणि ते बरोबरच म्हणतात. काकांशी वाद घालता येत नाही तो यामुळेच.

कट्ट्यावर कोणी "अमुक शेअर 12 रुपयांना मिळतोय, स्वस्त आहे" असं बोलून गेलं की संपलंच. काका चहाचा ग्लास खाली ठेवतात. "एमआरएफचा शेअर 2023 साली लाखावर गेला म्हणून तो महाग, आणि तुमचा 12 रुपयांचा म्हणून स्वस्त? अहो, कंपनीचे शेअर किती आहेत? शेअरमागे कमाई किती? त्या कमाईच्या किती पट मोजताय?" समोरच्याने फक्त जावयाच्या मित्राकडून आलेली टिप सांगितलेली असते. तो बिचारा भाजीची पिशवी उचलून निघतो, पण काका त्याला लिफ्टपर्यंत सोडायला जातात आणि वाटेत व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगचा जनक बेंजामिन ग्रॅहम येतो. ग्रॅहमविषयी ते धाकट्या मामाविषयी बोलावं तसं बोलतात. 1929 च्या पडझडीत त्याचे स्वतःचेच पैसे कसे बुडाले आणि मग 1934 साली डॉडबरोबर त्याने 'सिक्युरिटी ॲनालिसिस' कसं लिहिलं, हे सांगताना लिफ्टचं दार ते पायाने अडवून धरतात.

घरी श्रोता एकच, काकू.

"शंभराचा सरकारी रोखा," काका सांगतात, "7 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत. उद्या बाजारात 8 टक्के मिळायला लागले तर तुझा 7 टक्केवाला शंभरला कोण घेईल? भाव येणार 93 रुपये आणि वर काही पैसे. व्याजदर वर, भाव खाली."

"पण मला विकायचाच नाहीये," काकू कोथिंबीर निवडता निवडता म्हणतात. "10 वर्षांनी सरकार शंभर देणार ना?"

"देणार."

"आणि तोवर दरवर्षी 7?"

"हो, पण अगं, त्या 7 ची किंमत..."

"मग झालं तर."

महागाईचा मुद्दा काकांना आठवतो, पण तोवर काकूंनी मिक्सर लावलेला असतो.

काकांचं खरं वैभव म्हणजे त्यांची एक्सेल शीट. परवा त्यांनी मला एका कंपनीचा हिशोब मांडून दाखवला. पुढल्या वर्षीचा लाभांश शेअरमागे 10 रुपये. आपल्याला परतावा हवा 12 टक्के. लाभांश दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढेल असं धरायचं, 12 मधून 6 वजा करायचे आणि 10 ला त्या 6 टक्क्यांनी भागायचं. उत्तर आलं 167 रुपये. बाजारात भाव 250. म्हणजे शेअर महाग, विषय संपला. पण काका स्क्रीनकडे बघत राहिले. मग चष्मा पुसला आणि वाढीच्या घरात 6 खोडून 9 लिहिले. किंमत झाली 333. "बघा!" काका म्हणाले, "चक्क 25 टक्के मार्जिन ऑफ सेफ्टी!" या सूत्रात ती वाढ कायमची धरलेली असते. दरवर्षी 9 टक्के, अनंतकाळ. देशाहून वेगाने कायम वाढणारी कंपनी शेवटी अख्खा देशच गिळेल, पण मी बोललो नाही. त्या कंपनीत त्यांचे जावई मॅनेजर आहेत, हे मला मागाहून कळलं.

एवढं करून शेअर घेतला का? नाही. "येऊ दे 230 ला." तो 230 ला येत नाही. दर वर्षी हापूसचंही तेच होतं. अक्षय्य तृतीयेला पेटीचा भाव त्यांना अवाजवी वाटतो, मेअखेर तो उतरेल म्हणून ते थांबतात, तो उतरतोही, आणि तोवर आंब्यात साका झालेला असतो. स्वतःचा पैसा म्हणाल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांची मर्यादा गाठेपर्यंत, आणि उरलेला मुदत ठेवीत. शीटमध्ये त्याला रकाना नाही.

तरी टिपवाल्यांपेक्षा काका शतपटीने बरे. आमच्या सेक्रेटरींना त्यांनी एका कंपनीच्या अहवालातलं 'संबंधित पक्षांशी व्यवहार' हे पान उघडून दाखवलं होतं. कंपनीचं ऑफिस प्रवर्तकाच्या बायकोच्या मालकीचं, भाडं कंपनी भरणार, वर बिनव्याजी कर्ज मेव्हण्याला. सेक्रेटरी हसले आणि त्यांनी शेअर घेतला. आता तो लोअर सर्किटला आहे. सेक्रेटरी रोज सकाळी विकायला लावतात आणि घ्यायला कोणी नसतं.

तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या काकांकडून तळटिपा अवश्य वाचून घ्या, चहा पाजून घ्या. फक्त त्यांनी एक्सेल उघडलं की वाढीच्या घरात काय आकडा आहे ते आधी विचारा, आणि जावई कुठे नोकरीला आहेत तेही.