इतर हक्कातले 4 रुपये 80 पैसे

समजा, अंजनवेलच्या सड्यावर वरकस जमिनीचा एक तुकडा आहे आणि सातबाऱ्यावर त्याचा आकार, म्हणजे शेतसारा, आहे 12 पैसे. त्याला चाळीसने गुणा. 4 रुपये 80 पैसे. एवढी रक्कम सरकारजमा केली, की त्या तुकड्याचा मालक त्या तुकड्याचा मालक होतो. मग कालपर्यंत तो कोण होता, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी कोकणात जमीन घेऊ नये. वारसाने आली असेल तर तिचे कागद उघडू नयेत. कालपर्यंतही तो मालकच होता. 1 एप्रिल 1957 ला, म्हणजे कृषक दिनाला, कूळ कायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानलं. पुढे कलम 32ग खाली किंमत ठरली, त्याच्या आजोबांनी ती भरली, 32म चा दाखला हातात पडला, सातबाऱ्यावर नाव चढलं. फक्त त्याच सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून जो रकाना असतो, त्यात एक ओळ येऊन बसली: कलम 43 च्या बंधनास पात्र. म्हणजे जमीन तुझीच, पण विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची झाली, तर आधी साहेबांना विचारायचं.

2014 साली सरकारला दया आली. कायद्यात दुरुस्ती झाली: कुळाने जमीन विकत घेऊन दहा वर्षं झाली असतील तर विक्रीला परवानगी नको, आकाराच्या चाळीस पट नजराणा भरा आणि मोकळे व्हा. दुरुस्ती चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून आपल्याला कूळ कायद्याचा शत्रू ठरवतील. पण त्या 4 रुपये 80 पैशांवरून नजर हलत नाही. आकार हा ब्रिटिश अमलातल्या जमाबंदीचा वारसा. वरकसाला तो इतका किरकोळ, की 2011 साली 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली तेव्हा अशा जमिनींचा सगळा सारा एका रात्रीत नाण्यांत मोजता न येणारा झाला. म्हणजे 12 पैसे आकार असलेल्या शेतकऱ्याला आपला सारा रोख आणि नेमका भरायची इच्छा झाली, तर तो भरूच शकत नाही. नजराण्यातल्या 80 पैशांचीही तीच गत. डिजिटल सहीचा सातबारा काढायला 15 रुपये पडतात. बंधन आहे हे दाखवणारा कागद बंधन सोडवण्याच्या रकमेच्या तिपटीहून महाग. अंजनवेलहून गुहागरच्या तहसील कचेरीपर्यंतचं एसटीचं तिकीट, झेरॉक्स, अर्जाला लागणारं तिकीट हे सगळं धरलं, तर नजराणा हा या व्यवहारातला असा एकमेव खर्च आहे जो कुणाच्या लक्षातही राहू नये.

आता कुणी म्हणेल, रक्कम क्षुल्लक आहे, हे तर चांगलंच झालं; तक्रार कसली करता? तक्रार रकमेची नाही. ती रक्कम जे कबूल करते त्याची आहे. सरकारला खरोखर पैसा हवा असतो तेव्हा तो कसा मागायचा हे सरकारला उत्तम ठाऊक आहे. सरकारने दिलेली वर्ग-2 ची जमीन वर्ग-1 करायची म्हटली, की रेडीरेकनर उघडतो आणि बाजारमूल्याच्या टक्क्यांत हिशेब होतो. तिथे कुणी 12 पैसे काढत नाही. इथे मात्र मुद्दाम आकार धरला, कारण ही जमीन सरकारची कधी नव्हतीच, कुळाने मूळ मालकाला किंमत मोजून ती घेतली होती, हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं. चाळीस पट आकार म्हणजे 'यात आमचा काही हक्क नाही' हे सरकारी भाषेत दिलेलं कबुलीपत्र आहे. मग हक्क नाही तर ओळ कशाला? ओळ आहे म्हणून अर्ज आहे. अर्ज आहे म्हणून 32म च्या दाखल्याची प्रत हवी. तो दाखला आजोबांनी ट्रंकेत ठेवला, ट्रंक वाळवीने खाल्ली, कचेरीतली प्रत 'शोध घेऊन कळवतो' या अवस्थेत. दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक. आजोबांनंतरच्या वारस नोंदी निम्म्या झालेल्या, निम्म्या राहिलेल्या. एक चुलता नालासोपाऱ्यात, दुसऱ्याचा पत्ता त्यालाच माहीत. मग चलन, मग आदेश, मग फेरफार, मग फेरफारावर हरकतीची मुदत. मधल्या काळात तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. राज्यभरातल्या तलाठ्यांची नावं एका निर्णयाने बदलतात. सातबाऱ्यावरची ओळ मात्र एकेका माणसाने एकेक अर्ज घेऊन, एकेका तुकड्यापुरती, घासून घासून पुसायची. आणि या सगळ्या धावपळीत ज्याच्या-ज्याच्या हातावर काही ठेवावं लागतं, त्यातला कुणीही आकाराच्या चाळीस पटीने हिशेब करत नाही.

यावर उत्तर तयार असतं. ही काळजी कुळाचीच आहे हो, बंधन काढलं तर तो दोन दिवसांत जमीन फुंकून टाकील, मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं टपलेली आहेत. टपलेली आहेत हे खरं. पण कूळ नसलेल्या, जुन्या मालकाच्या शेजारच्या तुकड्यावर ही काळजी कुठे जाते? समुद्र दिसतो म्हणून त्याने विकला तर तो दूरदर्शी गुंतवणूकदार. कुळाच्या नातवाने मुलीच्या शिक्षणासाठी विकला तर तो उधळ्या. शिवाय बंधनाने विक्री थांबलेली नाही, फक्त भाव पडलेला आहे. साठेखत होतं, कुलमुखत्यारपत्र होतं, ताबा जातो आणि सातबाऱ्यावर नाव तेच राहतं. दलाल 'त्रेचाळीसची भानगड आहे' एवढं एक वाक्य टाकतो आणि गुंठ्यामागे हजारोंनी किंमत खाली आणतो. मग ती भानगड स्वतःच सोडवून घेऊन पुढच्याला पुऱ्या भावाने विकतो. ज्या ओळीने कुळाला वाचवायचं, त्या ओळीचा नफा दलालाच्या खिशात. आणि ती काढली तरी कुंपण सगळं पडत नाही: शेतजमीन शेतकऱ्यालाच विकायची ही कलम 63 ची अट राहते, कमाल धारणेची मर्यादा राहते, 1947 चा तुकडेबंदीचा कायदा राहतो.

दुसरा आक्षेप जुन्या मालकांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुळाकडून घ्यायची किंमत कायद्याने आकाराच्या 20 ते 200 पटींत बसवली. म्हणजे आपल्या 12 पैशांच्या तुकड्याची जमिनीपुरती किंमत 2 रुपये 40 पैशांपासून 24 रुपयांपर्यंत, वर झाडं-विहिरींचं मोल काय असेल ते. गावच्या गाव ज्याच्या दप्तरात होतं, अर्धेल खंड मोजून घेऊन ज्याने पावती कधी दिली नाही, त्या खोताच्या नावाने रडायचं कारण नाही. त्याच्या विरोधात कुळवाड्यांनी चरी गावी 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला होता, तेव्हा कुठे हे कायदे जवळ आले. पण प्रत्येक मालक खोत नव्हता. दोन दळ्या भात असलेली विधवा, पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला कारकून हेही कायद्याच्या लेखी जमीनमालकच. विधवांसाठी आणि अज्ञानांसाठी कायद्याने खरेदी पुढे ढकलली, हे खरं. पण ढकलून ठेवली ती अशी, की मुदत संपल्यावर वर्षभरात कुळाने नोटीस द्यायची. ती मुदत संपल्याचं कुळाला कळवणार कोण? पुष्कळांना कळलं ते थेट दाव्यात. एकूण मालकही नाडला गेला, कूळही नाडलं गेलं, मान्य. आता त्या अन्यायाची भरपाई कलम 43 कशी करतं ते पाहा: कुळाकडून 4 रुपये 80 पैसे घेतं आणि सरकारी तिजोरीत टाकतं. मालकाच्या वारसाला त्यातला पैसाही मिळत नाही. मालकावर झालेल्या अन्यायाचा सूड सरकार स्वतःच्या खात्यावर घेतंय.

तिसरा आक्षेप कचेरीतला: सरकारने आपण होऊन सगळ्या नोंदी कमी केल्या तर चुका होतील. होतील ना. पण ही ओळ घालताना कुणाचा अर्ज आला होता? कोणत्या कुळाने तहसीलदारांना विनंती केली होती, की साहेब, माझ्या जमिनीवर एक बंधन टाका, आकाराच्या चाळीस पट भरायला मी तयार आहे? घालताना आपण होऊन घातली, तर काढतानाच एवढं तपासून का बघायचं? दहा वर्षं कधीच उलटून गेली, बहुतेकांची साठ उलटली. ज्या सातबाऱ्यावर 32म ची नोंद आहे, त्यावरची त्रेचाळीसची नोंद एका आदेशाने, गावच्या गाव एकदम उडवा. नजराणा बुडतो म्हणत असाल, तर तो गोळा करायला लागणाऱ्या कागदाचा खर्च एकदा मांडून दाखवा.

पण मांडणार नाहीत. कारण मालकी द्यायची आणि मालकावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय एकट्या कलम 43 ची नाही. ती सबंध कोकणच्या शेतीला लागलीय. 'कूळ लागेल' ही दोन पदं आजही गावात भुताच्या नावासारखी उच्चारतात. कलम 4 प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा मानीव कूळ होतो; कृषक दिनानंतर लागलेल्या कुळालाही कायदा खरेदीचा मार्ग देतो. म्हणून मुंबईतला मालक शेजाऱ्याला भात लावू देत नाही. शेजाऱ्याचे हात रिकामे, मालकाच्या दळ्या रिकाम्या. आंब्याची कलमं कराराने देतात, पण फळ दिलंय, जमीन दिलेली नाही, हे दहा वेळा बजावून. करारातला माणूस झाडाखाली दोन ओळी भुईमूग टाकेल या धास्तीने मालकाची झोप उडते. याच भीतीवर उतारा म्हणून 2016 साली केंद्राच्या पातळीवर शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार झाला: लेखी करार, ठरलेली मुदत, मुदत संपली की जमीन बिनबोभाट परत, आणि मुदतीत कसणाऱ्याला पीककर्ज-विम्याचा आधार. यात खोती परत येईल अशी भीती घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की खोती चालत होती ती कागद नव्हता म्हणून. आज अंजनवेलच्या शेतात तोंडी बोलीवर कसणाऱ्याकडेही कागद नाही. त्याला ना कर्ज, ना विमा, ना पुढच्या पावसाळ्याची खात्री.

इकडे पडीक दळ्या रानडुकरं उकरतायत. त्यांची वहिवाट उघड आहे, अखंड आहे, दरवर्षीची आहे, मालकाने कधी हरकत घेतलेली नाही. उद्या एखाद्या डुकराने कलम 70ब खाली कूळ ठरवून मिळण्याचा अर्ज केलाच, तर त्याने फक्त आधार कार्ड आणि आकाराच्या चाळीस पटीची तजवीज करून ठेवावी.