मा. इम्पोर्ट विझार्डसाहेब, स. न. वि. वि.

काल संध्याकाळी आपण माझा संगणक ताब्यात घेतलात आणि आज पहाटे परत केलात. मधल्या वेळात आपण जी सेवा बजावलीत, तिच्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

फाइल तशी साधीच होती. सह्याद्रीतल्या एका जंगलात आमचा टॉवर आहे. त्यावर वाऱ्याचा वेग तिन्ही दिशांनी मोजणारं सॉनिक अ‍ॅनिमोमीटर आणि शेजारी कार्बन डायऑक्साइड व बाष्प मोजणारं यंत्र. जंगल हवेतून किती कार्बन घेतं आणि किती परत सोडतं, याचा हिशेब लावायचा तर सेकंदाला दहा नोंदी घ्याव्या लागतात. म्हणजे दिवसाला ८,६४,००० ओळी आणि तीस दिवसांच्या २ कोटी ५९ लाख २० हजार. रकाने नऊ. सगळं मिळून सव्वादोन जीबीची सीएसव्ही.

ती आपण रात्रभर वाचलीत. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, कर्तव्यनिष्ठेने. त्या ओळीत नवाऐवजी पाचच रकाने निघाले, कारण तिथे लॉगरची बॅटरी संपली आणि तो आकडा लिहिता लिहिताच बंद पडला. मग आपण एक छोटी चौकट उघडलीत : ‘आयात अयशस्वी. रकान्यांची संख्या जुळत नाही.’ खाली एकच बटण होतं, ‘ठीक आहे’.

काय ठीक आहे?

दाबायला दुसरं काही ठेवलंच नव्हतंत, म्हणून तेच दाबलं. टास्क मॅनेजरमधला रॅमचा आलेख सरळ खाली आला. एका ओळीचे चार रकाने कमी पडले म्हणून आपण बिनचूक वाचलेल्या अडीच कोटींहून अधिक ओळी फेकून दिल्यात. कुठली ओळ चुकली, तेसुद्धा सांगितलं नाहीत. ते मला फाइलचं शेपूट वेगळं काढून बघावं लागलं. संशोधकाने स्वावलंबी व्हावं, असा आपला हेतू असणार.

आपल्या कंपनीच्या मदतकक्षाने लगेच उत्तर धाडलं, हेही नमूद करतो. ‘फाइल मोठी आहे, रॅम वाढवा.’ साहेब, रॅम निम्मी रिकामी होती. ‘फाइल एचडीएफ५मध्ये रूपांतरित करून घ्या.’ उत्तम सल्ला. फक्त त्यांच्याच पुस्तिकेप्रमाणे ते रूपांतर करायचं, तर फाइल आधी आपल्यामार्फत आयात करावी लागते. ‘तुकडे करा.’ तुकडेच करायचे, तर आपल्याला पगार कशाचा?

आणि ‘मोठी’ हा शब्द तर ऐकवतच नाही. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते. सव्वादोन जीबी डिस्कवरून उचलायला तिला पाच सेकंद लागतील. उरलेली रात्र आपली. मान्य, की मजकुरातले ‘४१२.०७’ हे सहा अक्षरांचं चिन्हकाम सोडवून त्याचा आकडा करणं फुकट होत नाही आणि इथे असे वीसेक कोटी आकडे आहेत. पण हेच काम गिगाबाइटला सेकंद या गतीने कसं करायचं, याची रीत २०२१मध्ये छापून आली आहे, तिचा कोडही खुला आहे. उचलायला बंदी नाही.

आपली हिरवी पट्टी मी फार जवळून पाहिली आहे. पहिले दहा टक्के चहा गार व्हायच्या आत संपतात. पुढचे दहा जेवण होईपर्यंत. शेवटचे दहा टक्के मात्र उजाडेपर्यंत चालतात. ओळी सगळ्या सारख्याच लांबीच्या, मग वेळ का वाढावा? याचं कारण मला एकच दिसतं. मेमरीतली जागा भरली की आपण जराशी मोठी जागा घेता, तोवरच्या सगळ्या ओळी तिकडे नकलून काढता, थोड्या वेळाने तीही भरते, पुन्हा थोडी मोठी, पुन्हा सगळी नक्कल. जागा दरवेळी दुप्पट घेतली, तर हा घोळ होत नाही. हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात आणि पेपरात विचारतातही.

आपण एकटे नाही, एवढाच दिलासा. जीटीए ऑनलाइन हा खेळ सुरू व्हायला वर्षानुवर्षं मिनिटंच्या मिनिटं लागत. २०२१मध्ये वैतागलेल्या एका खेळाडूने आत डोकावून पाहिलं. दहा एमबीची एक यादी, सुमारे ६३ हजार नोंदींची. आणि प्रत्येक तुकडा वाचताना प्रोग्राम उरलेल्या सबंध मजकुराची लांबी पहिल्यापासून मोजत होता. शिवाय प्रत्येक नवी नोंद आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहत होता. ते दुरुस्त केल्यावर लोडिंगचा वेळ सत्तर टक्क्यांनी घटला. कंपनीने त्याला दहा हजार डॉलर दिले. मी फुकट सांगतोय.

बाकी तक्रारी किरकोळ. आठ कोअर असलेल्या संगणकात आपण एकच राबवता : एक खिडकी चालू, सात खिडक्यांवर ‘जेवणाची सुट्टी’. मला नवातले तीन रकाने हवे असतात; ते विचारायला आपण सगळे नऊ वाचून होईपर्यंत थांबता. आणि पावसाच्या एका छोट्या फाइलमध्ये पहिल्या हजार ओळींत शून्यच होती, म्हणून हा रकाना पूर्णांकांचा असं ठरवून आपण पुढचे सगळे ०.२ मिलिमीटर कोरे ठेवलेत. सह्याद्रीतला जुलै कोरडा गेला, हे आपल्यामुळे कळलं.

‘एक्सेलमध्ये उघड ना,’ असं सुचवणारे मित्र मला भरपूर आहेत. तिथे एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. माझा पहिला दिवस मावतो, दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत दार बंद. जुन्या एक्सएलएस प्रकारात तर ६५,५३६च. त्यापायी २०२०च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६ हजार रुग्ण सरकारी आकड्यांतून सुटले होते. फाइल भरली, उरलेल्या ओळी गुपचूप गळाल्या, कुणाला कळलं नाही.

हे आठवलं आणि आपल्याबद्दल प्रथमच बरं वाटलं. या वेळी तरी आपण गुपचूप काही गाळलं नाहीत. एक ओळ अर्धी आहे, तर मी हे घेणार नाही, असं तोंडावर सांगितलंत. विज्ञानात हा स्वभाव लाख मोलाचा. आणि तो कशातून आला असेल, तेही दिसतं. जगभरच्या प्रयोगशाळांतून आपल्यापुढे काय काय येऊन पडतं! जर्मनीहून आलेल्या फाइलमध्ये दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. तारीख ०३/०४, ती ३ एप्रिल की ४ मार्च हे देव जाणे. न मिळालेला आकडा कुठे -९९९९, कुठे एनए, कुठे नुसती रेघ, आणि आमच्यातल्याच एका महाभागाने त्या जागी ‘सेन्सर बंद, माकडं’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. सीएसव्हीचे नियम म्हणून जो दस्तऐवज दाखवतात, तो २००५ चा. तोवर दोन-तीन पिढ्यांनी मनाला येईल तशा फाइली लिहून ठेवल्या होत्या. हा सगळा राडा आपण एकट्याने उपसायचा. कंपनी दरवर्षी चिन्हांचे रंग बदलते, वर्गणी वाढवते, यंदा तर गप्पा मारणारा सहायकही बसवला. आपल्या कोडला मात्र कुणी हात लावल्याचं दिसत नाही. हिरवी पट्टी दिसते म्हणून शिव्याही आपल्यालाच.

पण साहेब, सगळं गुपचूप गाळणं आणि सगळंच फेकून देणं, यांच्यामध्ये जागा आहे. नीट ओळी ठेवून घ्या. बिघडलेली ओळ क्रमांकासकट बाजूला काढा आणि विचारा : हिचं काय करू? एवढंच मागतो आहे. वेगाचं आपल्या सवडीने बघा.

तोवर निदान ‘रद्द करा’ दाबल्यावर रद्द तरी करत जा. पहाटे तीनला मी ते दाबलं होतं. ‘रद्द करत आहे’ असं लिहून आपण वाचत राहिलात.

कळावे,
आपला,
अजून ‘प्रतिसाद देत असलेला’ एक संशोधक