आळीपाळीने हरण्याचा करार

नोव्हेंबर महिन्यात मिनेसोटातल्या छोट्या कॉलेजांचे बास्केटबॉल संघ मोठ्या सुखात असतात. तेव्हा ते आपापसांत फारसे खेळत नाहीत. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या नाहीतर आयोवातल्या एखाद्या कॉलेजाला बोलावतात, हरवतात आणि चार सामने जिंकले की लगेच ‘यंदा आपलं वर्ष’ म्हणू लागतात. प्रशिक्षक खूश, आईबाप खूश, कॉलेजच्या साप्ताहिकात फोटो. डिसेंबरात एक-दोन ठिकाणी चटका बसतो, पण मध्येच परीक्षा आणि नाताळ येत असल्याने तो विसरला जातो. मग जानेवारी उजाडतो, पारा शून्याखाली वीसवर उतरतो आणि घरच्या घरातले सामने रंगात येतात. आता विजय हवा असेल तर तो शेजाऱ्याच्याच खिशातून काढावा लागतो.

या शेजाराचं नाव मिनेसोटा इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स. एवढं लांबलचक नाव थंडीत कोण घेणार, म्हणून सगळे ‘मायॅक’ म्हणतात. 1920 मध्ये सात कॉलेजांनी मिळून ती काढली. पुढे कोणी आलं, कोणी गेलं. 2021च्या हंगामापासून पुरुषांचे अकरा संघ झाले. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्याच्या. म्हणजे प्रत्येकी वीस सामने, एकूण 110. हंगाम संपला की गुणतक्त्यात बरोबर 110 विजय असणार आणि बरोबर 110 पराभव. अकरा प्रशिक्षकांनी अकरा ड्रेसिंग रूममध्ये कितीही घसा कोरडा केला, तरी एकशे अकरावा विजय आणणार कुठून? आणि 110 पराभवही कोणाच्या ना कोणाच्या पदरात पडायलाच हवेत. म्हणून माझ्या मते कॉन्फरन्स म्हणजे आळीपाळीने हरण्याचा लेखी करार. जिंकण्याचं कलम त्यात ओघाने येतं.

मी पुण्यात बसून या कराराचा बिनपगारी हिशेबनीस झालो तो भाच्यामुळे. तो सेंट पॉल शहरातल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात शिकायला गेला. कोफी अन्नान याच कॉलेजचे, 1961 सालचे पदवीधर. ताईने ही माहिती झाडून सगळ्या नातेवाइकांना दिली. बास्केटबॉलचं कोणी विचारलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. एकदा भाच्याने कळवलं, “मामा, उद्या मॅच लाइव्ह आहे, मी प्रेक्षकांत असेन.” आम्ही सहकुटुंब बसलो. भाचा काही दिसला नाही, सामना मात्र पूर्ण दिसला. पुढे तो शिकला, पास झाला, नोकरीला लागला. मी अजून कॉलेजातच आहे.

वेळापत्रक मला सोयीचं पडतं. तिकडे बुधवारी संध्याकाळी सातचा सामना म्हणजे आपल्याकडे गुरुवारी सकाळी साडेसहा. पहिला चहा आणि पहिली उडी बरोबर जुळतात. शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्या रविवारी पहाटे अडीचला पडतो. तो मी बघत नाही. तेवढ्या भक्तीला वय आडवं येतं. त्याचा निकाल सकाळी पोह्यांबरोबर. सौ. विचारते, “अहो, तुमचे ते कणसवाले जिंकले का?”

कणसवाले म्हणजे मूरहेडचं कॉन्कॉर्डिया कॉलेज. त्यांच्या संघाचं नाव ‘कॉबर्स’ आणि मानचिन्ह मक्याचं कणीस. सांगतात ते असं, की आजूबाजूच्या मक्याच्या शेतांवरून प्रतिस्पर्ध्यांनी चिडवलं आणि यांनी ते चिडवणंच बिरुद म्हणून मिरवायला घेतलं. इतर संघ वाघ, अस्वल, गरुड वगैरे होऊन मैदानात उतरत असताना आपण कणीस होऊन उतरायचं, याला छाती लागते.

बाकीची मंडळीही काही कमी नाहीत. सेंट ओलाफ नॉर्वेजियन ल्युथरन लोकांनी काढलेलं, गस्टावस अडॉल्फस स्वीडिश ल्युथरनांचं. दोघांनी आपापल्या देशाचे राजे नावात घातलेले. हॅमलिन मेथडिस्टांचं, मॅकॅलेस्टर प्रेस्बिटेरियनांचं, बेथेल बॅप्टिस्टांचं, तर सेंट जॉन्स बेनेडिक्टाइन साधूंच्या मठाला लागून, आणि तेही फक्त मुलांचं. एकाच देवाला मानणाऱ्या इतक्या पंथांनी वर्षानुवर्षं एका गुणतक्त्यात गुण्यागोविंदाने राहायचं आणि दर बुधवार-शनिवारी एकमेकांना पाडायचं. सामना सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी प्रार्थना होत असतील, तर वर बसलेल्याचं काय होत असेल, हा प्रश्न मला गुरुवारी सकाळी हटकून पडतो.

करारातलं हरण्याचं कलम पहिल्यांदा कोणी पाळलं, याचीही नोंद आहे. कॉलेजा-कॉलेजातला बास्केटबॉलचा पहिला सामना म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो 9 फेब्रुवारी 1895चा. जेम्स नेस्मिथने स्प्रिंगफिल्डमध्ये हा खेळ शोधून जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्याच्या हाताखाली खेळलेला रे केन हॅमलिनला आला आणि खेळ बरोबर घेऊन आला. हॅमलिनने मिनेसोटाच्या शेतकी शाळेला बोलावलं. दोन्हीकडून नऊ-नऊ खेळाडू. यजमान हॅमलिन 9-3 असं हरलं. खेळ आपण आणायचा, पाहुण्यांना आपण बोलावायचं आणि पहिला पराभवही आपणच घ्यायचा. आतिथ्य म्हणतात ते हेच. पुढे याच हॅमलिनने लहान कॉलेजांची राष्ट्रीय विजेतेपदं तीनदा मिळवली आणि व्हर्न मिकेलसनसारखा खेळाडू मिनियापोलिस लेकर्सना दिला. ऑग्जबर्गच्या डेव्हीन जॉर्जला 1999 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सनी पहिल्या फेरीत उचललं. पण अशी नावं थोडीच.

बाकीच्यांचं बास्केटबॉल इथेच सुरू होतं आणि इथेच संपतं. ही सगळी तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं. अमेरिकेत या श्रेणीत चारशेहून अधिक कॉलेजं आहेत आणि त्यांचा नियम सोपा आहे: खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. म्हणजे मुलगा फी भरून हरतो. शिवाय अभ्यास चुकत नाही. डिसेंबरात परीक्षा आल्या की लीग गप्प बसते आणि साडेसहा फुटी सेंटर ग्रंथालयातल्या खुर्चीत पाय कुठे ठेवायचे या विवंचनेत असतो. परीक्षेसाठी खेळ थांबतो, हे ऐकून माझी मराठी मध्यमवर्गीय छाती भरून येते.

नॉर्थफील्ड नावाच्या गावात तर अशी दोन कॉलेजं आहेत. वस्ती वीस हजारांच्या आसपास, गावाचं ब्रीद ‘गाई, कॉलेजं आणि समाधान’. एका टोकाला टेकडीवर सेंट ओलाफ, दुसऱ्या टोकाला कार्लटन. 1876 मध्ये जेसी जेम्सची टोळी इथली बँक लुटायला आली आणि गावकऱ्यांनी ती पिटाळून लावली. तेव्हापासून गावातली भांडणं गावातच भागवायची प्रथा पडली असावी. दोघांच्या फुटबॉल सामन्यात जो जिंकेल त्याच्या कॉलेजाकडे चौकातल्या स्मारकावरच्या गरुडाचं तोंड फिरवतात. बास्केटबॉलला गरुडाचा मान नाही, पण खुन्नस तेवढीच. सेंट ओलाफचं विजयगीत वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यात आहे. प्रतिस्पर्ध्याला चिरडून टाकताना डुलायची सोय ठेवलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. या गावातला परगावचा सामना दहा मिनिटांत गाठता येतो. मूरहेडचा असेल तर साडेचारशे किलोमीटर बस, बाहेर आडवा बर्फ, आणि हरलं तर तेवढंच अंतर परत. येताना कोण बोलत असेल?

सामना बघायला माणसं किती? काहीशे. पण ती काहीशे माणसं म्हणजे ज्यांना त्या सामन्याचं काही वाटतं असे पृथ्वीवरचे जवळपास सगळे. हे पुणेकराला समजावून सांगावं लागत नाही. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं, आणि आतल्याला बाहेरच्या जगाचं. मायॅकची जिम हे तेच भरत नाट्य मंदिर, फक्त एकांकिकेचा शेवट लेखकाने आधी ठरवलेला नसतो.

आणि तो शेवट लांबतो किती! पाच गुणांनी मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटात मुद्दाम फाउल करू लागतो, घड्याळ थांबतं, समोरचा फ्री थ्रोच्या रेषेवर येतो. बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचं पोर. चेंडू तीनदा आपटतो, बोटांत फिरवतो, शिलाईची रेघ हाताला लागेपर्यंत फिरवत राहतो. रिंगच्या मागे यजमान विद्यार्थी काय वाट्टेल ते हलवत असतात. एकदा मी एक अख्खी उशी पाहिली आहे. पहिला चेंडू आत जातो. दुसरा कड्यावर आपटतो, उसळतो, पुन्हा कड्यावर येतो, विचार करतो आणि बाहेर पडतो. पोराचा चेहरा हलत नाही. फक्त कान लाल होतात. तिकडचं एक मिनिट इकडे पंधरा मिनिटं चालतं, आणि तेवढ्यात आमच्याकडचं दूध उतू जातं. त्याचा जाब मला विचारला जातो, फाउल करणाऱ्याला नाही.

सामना संपल्यावर येणारा आकड्यांचा तक्ता मी शेवटच्या ओळीपासून वर वाचतो. वरच्या ओळीत बावीस गुण, नऊ रिबाउंड वगैरे वीरश्री असतेच. तळाशी एक नाव असतं: मिनिटं 1, गुण 0, रिबाउंड 0, पास 0, फाउल 1. या गृहस्थाने ऑक्टोबरपासून रोज सराव केला, बर्फातून बस गाठली, बाकावर बसून टॉवेल फिरवले, आणि मिळालेल्या एका मिनिटात निदान कोणाला तरी धक्का दिला. शून्यांच्या त्या रांगेत तो एकुलता एक आकडा मला फार आवडतो. सही केल्यासारखा दिसतो.

आता सेंट थॉमसची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय करार कळत नाही. हे मॅकॅलेस्टरचं जवळचं शेजारी, 1920च्या सात संस्थापकांपैकी एक. पण बाकीच्या कॉलेजांत हजार ते तीन हजार विद्यार्थी असताना हे सहा हजारांवर पोचलं आणि ‘टॉमी’ जिंकतच सुटले. बास्केटबॉलमध्ये 2011 आणि 2016 मध्ये तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद. फुटबॉलमध्ये तर 2017 साली त्यांनी सेंट ओलाफला 97-0 असं हरवलं. त्या दिवशी तीन मात्रांचा ठेका कोणी धरला नसेल. अखेर मे 2019 मध्ये कॉन्फरन्सने जाहीर केलं की सेंट थॉमसने 2021पर्यंत आपलं बस्तान दुसरीकडे हलवावं. नियम मोडला नव्हता, फी थकवली नव्हती, कोणाला लाच दिली नव्हती. गुन्हा एकच: हरण्याची पाळी ते पाळत नव्हते.

तेव्हा पुष्कळांनी कॉन्फरन्सला रडीचा डाव म्हणून हिणवलं. स्पर्धा म्हटली की सर्वोत्तमाशी भिडायला हवं, आपण वर चढायचं, समोरच्याला खाली उतरवायचं नाही; तर्क बिनतोड आहे. पण हा तर्क करणाऱ्यांनी कधी 97-0च्या शून्याकडून सामना पाहिलेला नसतो. माणूस खेळायला उतरतो तो समोरचा श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे, तर समोरच्याला आज आपण हरवू शकू, असं मनाच्या एखाद्या कोपऱ्यात वाटतं म्हणून. ते वाटणं संपलं की उरते ती हजेरी. कॉन्फरन्सने एक संघ काढला आणि उरलेल्यांच्या मनातला तो कोपरा परत मिळवला. व्यवहार थोडा निष्ठुर होता, पण हिशेब चोख.

टॉमींचं वाईट झालं नाही. ते तिसऱ्या श्रेणीतून थेट पहिल्या श्रेणीत गेले. आधुनिक काळात असं करणारं हे पहिलंच कॉलेज. तिथल्या पहिल्या हंगामात त्यांच्या बास्केटबॉल संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. त्यांचे प्रशिक्षक जॉन टाउअर मानसशास्त्राचेही प्राध्यापक. त्या वर्षी त्यांची ही दुसरी विद्या पहिलीपेक्षा जास्त कामी आली असणार. म्हणजे टॉमींनीही शेवटी करारावर सही केलीच, फक्त वेगळ्या गल्लीत.

आणि ज्यांनी करार जन्मभर पाळला त्यांचं काय? सेंट जॉन्सचे प्रशिक्षक जिम स्मिथ एका जागी 51 हंगाम राहिले आणि 2015 मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या नावावर 786 विजय आहेत, आणि ते सगळे सांगतात. साडेपाचशेच्या आसपास पराभवही आहेत, ते कोणी सांगत नाही. मला ते पराभव अधिक मोलाचे वाटतात. इतक्या वेळा हरून दुसऱ्या दिवशी दुपारी सरावाला शिट्टी घेऊन हजर राहणं, हे विजयाने शिकवता येत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिले सहा संघ बाद फेरीत जातात. त्यातून एक विजेता निघतो आणि त्याला 64 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट मिळतं. बाकीच्यांचा हंगाम बहुधा त्या आठवड्यातच आटोपतो आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचं तर बास्केटबॉलच. घरच्या शेवटच्या सामन्याआधी ती मुलं आईबापांचा हात धरून मैदानाच्या मधोमध येतात. आईच्या हातात फुलं, बाप उगाचच छताकडे बघत असतो. मग पाच मिनिटांत ते सगळं बाजूला सारून मुलं धक्काबुक्कीला लागतात.

भाच्याचा फोन येतो तो नेमका याच सुमारास. नोकरीच्या रगाड्यात त्याला सामने बघायला वेळ नसतो, म्हणून तो पुण्याला विचारतो.

“मामा, आपण कितवे?”

“सातवे.”

“म्हणजे गेलंच की.”

“गेलं कसं? सहाव्याला आपण घरी बोलावून हरवलंय.”