सत्तर पैशांची डबी

ट्रकचा युरिया ‘बंद करून देणाऱ्या’ वायरमनभाऊंस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. आज मी ती मोडतो आहे. ज्या हाताने तुम्ही ती काळी डबी माझ्या तळहातावर ठेवलीत, त्या हाताला नमस्कार करणं मला जमणार नाही.

कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर माल उतरायची वाट बघत माझी गाडी उभी होती. तुम्ही आपणहून आलात. काडेपेटीहून जरा मोठी डबी, मागे चार वायरी. म्हणालात, “शेठ, युरियाची कटकट कायमची संपली. दिवा लागणार नाही, गाडी रांगणार नाही. पीयूसी पास, फिटनेस पास. नगद द्या, अर्ध्या तासात मोकळे.” पावती मिळेल का विचारलं, तर मान हलवलीत. मी डबी परत दिली. तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, “अख्ख्या लाइनीत तुम्हीच उरलात.” ते हसू माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. हे पत्र त्याचं उत्तर आहे, आणि ते सगळ्यांसमोर देतो आहे, कारण तुमचा धंदाही सगळ्यांसमोरच चालतो.

तुमच्या हाताला कसब आहे, हे आधी मान्य करतो. शेकडो वायरींच्या जुडग्यातून नेमकी दोन वायरींची लाइन शोधणं सोपं काम नाही. पण त्या कसबाने तुम्ही काय करता, ते एकदा नीट मांडू या. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना ते कुणी सांगितलेलंच नाही.

बीएस-सहा या प्रदूषण-मानकाच्या ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते. तिच्यात असतो ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकीचं खनिजविरहित पाणी. इंजिनात डिझेल जळतं तेव्हा प्रचंड उष्णतेमुळे हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात. सायलेन्सरकडे जाताना या धुरावर युरियाचा फवारा पडतो, त्यातून अमोनिया निघतो, आणि पुढच्या उत्प्रेरकाच्या जाळीत तो अमोनिया त्या विषाचं पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. हे सगळं खरंच होतंय का, हे बघायला जाळीच्या आधी आणि नंतर सेन्सर बसवलेले असतात. युरिया संपला, पाणी मिसळलं किंवा फवारा बंद पडला की आधी दिवा लागतो, मग इंजिनाची ताकद कमी होते, आणि तरीही मालकाने कानाडोळा केला तर गाडी बैलगाडीसारखी रांगायला लागते. ही शिक्षा जाणूनबुजून ठेवली आहे. माणूस दुर्लक्ष करणार हे ती यंत्रणा बनवणाऱ्यांना ठाऊक होतं.

तुमची डबी गाडीच्या संगणकाला खोटं सांगते. टाकी भरलेली आहे, फवारा चालू आहे, धूर स्वच्छ आहे, असं ती अखंड बोलत राहते. फवारा तर केव्हाच बंद झालेला असतो.

आता आकडे घ्या. ट्रकच्या इंजिनाचं प्रदूषण किलोवॅट-तासावर मोजतात. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. एवढ्या कामामागे नायट्रोजन ऑक्साइड किती ग्रॅम निघाले, ते बघतात. बीएस-तीनला मुभा होती ५ ग्रॅमची, बीएस-चारला साडेतीनची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा आलं आणि मर्यादा उतरली अर्ध्या ग्रॅमच्याही खाली, चाचणीच्या प्रकारानुसार ०.४० किंवा ०.४६ वर. मधली पाचवी पायरी देशाने सोडूनच दिली. त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांनी डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांमागे ५० वरून १० वर आणलं. इंजिनं नव्याने बनवली गेली, डायनामोमीटरवर चढवली गेली, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये तासन् तास तपासली गेली. त्या सगळ्याचा खर्च गाडीच्या किमतीत आला. तो मी हप्त्याहप्त्याने अजून फेडतो आहे.

आणि तुम्ही अर्ध्या तासात ते सगळं शून्यावर आणता. शून्याच्याही खाली. मागे जाळी आहे, विषाचे दहातले नऊ भाग ती संपवणार आहे, या भरवशावर हे इंजिन कमी डिझेलमध्ये जास्त काम करायला, जास्त तापून जळायला बसवलेलं असतं. जाळीचं काम थांबवलं की ती गाडी बीएस-सहा राहत नाहीच. कागदावर ती सगळ्यांत नवी, सगळ्यांत स्वच्छ गाडी असते आणि रस्त्यावर एखाद्या जुन्या खटाऱ्याच्या पंक्तीला बसते. जुना खटारा निदान काळा धूर सोडून स्वतःची ओळख देतो.

पीयूसी पास होते असं तुम्ही छातीठोक सांगता. होते, आणि तुम्हाला ते कारणासकट माहीत आहे. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे नळी सायलेन्सरात घालायची, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि धूर प्रकाशाला किती अडवतो ते बघायचं. ती काजळी मोजते. नायट्रोजन ऑक्साइड तिला दिसतच नाहीत. नव्या गाडीत काजळी पकडायला वेगळा फिल्टर असतो, त्यामुळे धूर असाही दिसत नाही. परीक्षकाने मराठीचा पेपर तपासला आणि तुम्ही गणितात कॉपी केलीत. उत्तीर्ण झाल्याची शेखी कसली मिरवता?

तुमचं सगळ्यांत मोठं भांडवल म्हणजे बचत. ती मी वहीत मांडून बघितली. माझी गाडी महिन्याला साधारण १०,००० किलोमीटर पळते, भरल्या गाडीला चारचं अॅव्हरेज धरलं तर २,५०० लिटर डिझेल. युरिया डिझेलच्या सुमारे पाच टक्के लागतो, म्हणजे १२५ लिटर. लिटरला ५५ रुपये धरले तर ६,८७५ रुपये. किलोमीटरला सत्तर पैसेसुद्धा नाहीत. त्याच महिन्यात ९० रुपयांच्या हिशेबाने डिझेलला जातात सव्वादोन लाख. टायर, टोल, इन्शुरन्स, हप्ता वेगळे. या डोंगरातले सत्तर पैसे वाचवायला तुम्ही माझ्याकडून लाखो लोकांच्या श्वासात विष सोडवून घेणार होतात.

आणि हे सत्तर पैसे आमच्या धंद्याला आतून खातात. ज्याने डबी बसवली तो भाडं किलोमीटरला पन्नास पैशांनी पाडतो. ज्याने बसवली नाही त्याला माल मिळत नाही. मग त्याच्याकडे तुम्ही जाता आणि म्हणता, तुम्हीच उरलात. प्रामाणिक माणसाला एकटं पाडायचं आणि मग त्याच्या एकटेपणावर हसायचं, याला माझ्या घरात नीचपणा म्हणतात.

तुमची बाजू मी ऐकलेली नाही असं समजू नका. सेन्सर बिघडतात. माझीही गाडी एका पावसाळ्यात कसाऱ्याच्या चढावर रात्री रांगायला लागली. मागे वाहनांची रांग, वर धुकं, ड्रायव्हर फोनवर रडकुंडीला आलेला. मदतीची व्हॅन दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली, उशिरा पोचल्याचा दंड माझ्या भाड्यातून कापला गेला. त्या रात्री तुम्ही समोर असता तर मी कदाचित डबी घेतली असती, इतका मी खचलो होतो. गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी महामार्गावर रात्री मदत द्यायला हवी आणि सेन्सर परवडणाऱ्या दरात द्यायला हवेत, ही आम्हा मालकांची मागणी खरी आहे आणि ती मी मांडत राहीन.

पण त्या रात्रीच्या बिघाडाचं मूळ दुसऱ्या दिवशी सापडलं. ड्रायव्हरने ढाब्यावरून सुट्या कॅनमधला स्वस्त युरिया भरला होता. फवाऱ्याचं तोंड पांढऱ्या खड्यांनी बुजलं होतं. हा स्वस्त माल कशाचा बनतो हे तुम्हीच मला एकदा कौतुकाने सांगितलं होतं: शेतीच्या युरियाचा. निंबोळी तेलाचं लेपन असलेली, अनुदानाची ४५ किलोची गोणी, जी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळावी म्हणून सरकार तिजोरीतून पैसे भरतं, ती फोडून पाण्यात कालवायची आणि निळ्या कॅनमध्ये भरायची. ते तेल आणि बाकीची अशुद्धी जाळी खराब करते. पेरणी झाल्यावर ज्या गोणीसाठी शेतकरी पहाटेपासून कृषी केंद्रासमोर रांग लावतो, ती गोणी गाडी बिघडवायला वापरली जाते. गाडी बिघडली की तुम्ही डबी घेऊन हजर. रोगही तुमच्याच गल्लीत विकला जातो आणि औषधही.

आता विष कुणाच्या वाट्याला जातं ते ऐका. नायट्रोजन डायऑक्साइडने श्वासनलिका सुजतात, दम्याच्या मुलाला ॲटॅक येतो. उन्हात त्याचा ओझोन बनतो, हवेत तरंगता तरंगता त्याचे बारीक कण होतात आणि ते थेट फुप्फुसाच्या तळाशी बसतात. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. हा धूर पहिल्यांदा जातो माझ्या ड्रायव्हरच्या छातीत. न्हावा-शेव्याच्या गेटबाहेर तो तासन् तास रांगेत उभा असतो, पुढच्या गाडीचा सायलेन्सर त्याच्या समोर असतो, आणि तो झोपतोही त्याच केबिनमध्ये. मग तो धूर जातो टोलनाक्यावरच्या पोरीच्या छातीत, खंबाटकीच्या चढावर चहा विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या छातीत, भिवंडीत गोदामांना लागून असलेल्या शाळेच्या वर्गात. यांतल्या एकानेही तुमच्याकडे डबी मागितली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मोठे लोकही हेच करतात. करतात, आणि त्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९९८ साली अमेरिकेत ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्या पकडल्या गेल्या. प्रयोगशाळेतल्या चाचणीत इंजिन सभ्य राहायचं आणि हमरस्त्यावर सलग वेगात धावायला लागलं की संगणक डिझेल फवारायची वेळ बदलायचा, नायट्रोजन ऑक्साइड वाढायचे. त्या प्रकरणातला समझोता १ अब्ज डॉलरचा झाला. २०२२ मध्ये जपानच्या हिनो या ट्रक कंपनीने प्रदूषणाच्या चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं खोटी माहिती दिल्याचं कबूल केलं. २०२३ च्या अखेरीस कमिन्सने पिकअप ट्रकच्या इंजिनांमधल्या फसव्या यंत्रणेच्या प्रकरणात १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड आहे. खोटं कारखान्यात लिहिलेलं असो की कळंबोलीत वायरीला जोडलेलं, कुणीतरी नीट मोजायला बसलं की ते उघडं पडतं.

आपल्याकडेही कायदा झोपलेला नाही. गाडीत बेकायदा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्या कलमात नाव आहे मालकाचं. तुम्ही नगद घेऊन निघून गेलेले असता, पावती दिलेली नसते. तुरुंगात जायची वेळ आली तर जाणार तो, ज्याने तुमच्यावर विश्वास ठेवला.

आरटीओत आणि मंत्रालयात बसलेल्यांनाही याच पत्रातून विनवतो. पीयूसीच्या खोलीत धूर मोजताना गाडीच्या संगणकाशी बोलणाऱ्या ओबीडीच्या सॉकेटलाही यंत्र जोडा, आणि त्यावरही न थांबता रस्त्यावर, चढावर, भरल्या गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मोजा, कारण डबी सॉकेटलाही खोटंच सांगते. सायलेन्सर मात्र खोटं बोलू शकत नाही. आम्ही मालक रांगेत उभे राहू. जे प्रामाणिक आहेत ते या मोजणीला घाबरणार नाहीत, त्यांना तीच तर हवी आहे.

शेवटी तुमच्यासाठी. तुमचं हसणं मी विसरलो नाही, पण तुमचे हातही विसरलो नाही. बुजलेला फवारा साफ करणारा, उंदराने कुरतडलेली वायर शोधणारा, खराब सेन्सर आणि खराब युरिया यांतला फरक ओळखणारा माणूस आमच्या लाइनीला हवा आहे. रात्री दोन वाजता कसाऱ्याला पोहोचणारा वायरमन मिळाला तर मालक त्याला हवं ते देतील.

माझ्या शेजारच्या दोन गाड्यांवर तुमच्या डब्या आहेत. दोन्ही मालकांशी मी बोललो आहे. एक तयार आहे, दुसराही होईल. रविवारी या आणि त्या काढा. बसवायला जेवढे घेतलेत तेवढेच पैसे काढायला मी माझ्या खिशातून देईन.

पावती मात्र या वेळी लिहून द्यायची.

तुमच्या लाइनीत उरलेला,
एक गाडीमालक