आळशी कोण?

नामशेष व्हायच्या वाटेवरच्या प्राण्यांत आपला माणूस शोधायला सांगितलं, तर मी डोळे मिटून पनामाच्या बुटक्या स्लॉथचं नाव घेईन. डोळे मिटणं हा आम्हा दोघांचाही आवडता व्यायाम.

एस्कुदो दे वेराग्वास नावाचं जेमतेम चार-साडेचार चौरस किलोमीटरचं बेट, एवढंच त्याचं जग. ही वेगळी जात आहे हे शास्त्रज्ञांनी जाहीर केलं तेही २००१ साली. घाई कोणालाच नव्हती. पानं खायची, ती पचेपर्यंत लोंबकळायचं आणि साधारण आठवड्यातून एकदा परसाकडला जायला म्हणून झाडावरून उतरायचं. अंगावरच्या केसांत शेवाळ उगवतं, तरी ‘आंघोळ केलीस का?’ असं विचारणारं घरात कोणी नाही. सुख म्हणतात ते हेच असावं.

याउलट हवाईचा ब्लॅकबर्न पतंग. पंख पसरले की पाच इंच. रात्री फुलासमोर हवेतच थांबून, बसायचीही फुरसत नसल्यासारखा मध पिणार. पहाटे पाचला टेकडी चढून येऊन आपल्याला त्याचे फायदे सांगणाऱ्यांच्या गोत्रातला हा. १९७०च्या दशकात तो संपलाच असं धरलं होतं. १९८४ साली माउई बेटावर स्वारी पुन्हा हजर! मला आधी त्याचा रागच आला.

पण पुढचं वाचलं आणि मत बदललं. त्याचा कोष जमिनीत असतो, आणि दिवस कोरडे असले तर आत वर्षभरही पडून राहतो. स्लॉथ निदान आठवड्याला एक फेरी तरी मारतो हो!

तरीही दोघांवर आलेली पाळी काही स्वभावामुळे नाही. स्लॉथच्या बेटावरची खारफुटी माणसं तोडतात. पतंगाच्या अळीचं खाणं म्हणजे आइएआ ही तिथली झाडं. तीही गुरं, वणवे आणि शेतीपायी विरळ झाली. मग अळ्यांनी बाहेरून आलेल्या रानतंबाखूवर संसार थाटला. आपल्याकडे पुडीवर धोक्याचा इशारा छापतात. तिकडे तंबाखूनेच वंश तारला. चुना तेवढा लागत नाही.

हा पतंग २००० सालापासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्यामुळे हवाईत रानतंबाखूचं तण उपटण्याआधी त्यावर अळी आहे का ते पाहून घ्या, असं तिथलं वन्यजीव खातं सांगतं.